त्या दुकानांकडे आम्ही पाठ फिरवली नव्हती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील बंद पडलेल्या बर्गर-साखळ्यांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी आधी फोनवर आणि नंतर कागदावर छापून घेऊन, असा दोनदा वाचला. लेख रसाळ आहे. ज्यांच्या बालपणाच्या शुक्रवार-संध्याकाळी त्या दुकानांतल्या घट्ट बसवलेल्या प्लास्टिकच्या बाकांवर गेल्या त्यांच्यापैकी मी एक असल्यामुळे तो वाचताना जीव थोडा गलबललाही. परंतु त्यातील दोन विधाने मला खटकली आणि पंधरा दिवस ती मनातून जाईनात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पहिले विधान असे की, लहान मुलांसाठी खेळण्यासह खोक्यातून जेवण देण्याची कल्पना १९७९ साली मॅकडोनाल्ड्सने प्रथम बाजारात आणली. दुसरे असे की, लोकांची रुची बदलल्यामुळे जुन्या साखळ्या ‘काळाच्या ओघात’ नाहीशा झाल्या. पहिले विधान चुकीचे आहे. दुसरे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही, पण मरण पावलेल्या माणसाच्या दाखल्यावर कारणाच्या जागी ‘वय’ एवढेच लिहून वैद्याने हात झटकावेत, त्या जातीचे ते आहे.

माझी ओळख करून दिल्याशिवाय पुढचे सांगणे अधांतरी राहील. १९७२ साली, मी आठ वर्षांची असताना, आमचे कुटुंब इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस या शहरी राहायला आले. बाबा यंत्र-अभियंता होते. मी मराठी शाळेतून दुसरी उत्तीर्ण होऊन आले होते आणि धाकट्या भावाला जेमतेम मुळाक्षरे येत होती. आम्हा दोघांना इंग्रजी वाचायला शाळेने जितके शिकवले तितकेच काउंटरच्या वर टांगलेल्या, आतून दिवे लावलेल्या पदार्थांच्या फलकाने शिकवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तो फलक बर्गर शेफचा होता. इंडियानापोलिस हे त्या साखळीचे माहेर. त्यामुळे आमच्या घरापासून कोणत्याही दिशेने गाडी काढली तरी थोड्याच वेळात तिची पाटी दिसे. जुन्या दुकानांवर पतंगासारखी टोकदार कमान असे, आणि ती लांबून दिसली की भाऊ मागच्या सीटवर उभा राही, कारण त्या काळी मुलांना पट्टा बांधून बसवण्याची रीत नव्हती.

या साखळीचा जन्म मुळात बर्गरच्या आवडीतून झालेला नाही, ही गोष्ट मला बाबांमुळे फार लवकर कळली. फ्रँक आणि डोनाल्ड थॉमस या भावांची जनरल इक्विपमेंट नावाची कंपनी होती. मऊ आइस्क्रीमची व शेकची यंत्रे ही तिची खासियत; त्यात पुढे ज्वाळेवर पॅटी भाजणाऱ्या यंत्राची भर पडली. उपाहारगृहाला लागणारी एवढी सामग्री आपणच तयार करतो, तर एक दुकान आपणच का थाटू नये, या विचाराने त्यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पहिले बर्गर शेफ काढले. बर्गर पंधरा सेंट, बटाट्याचे तळलेले काप दहा सेंट आणि शेक वीस सेंट, असे तिन्ही मिळून पंचेचाळीस सेंटमध्ये देणारी ‘ट्रिपल ट्रीट’ ही त्यांची सुरुवातीची जाहिरात आजही जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांकडे पाहायला मिळते. आम्ही गेलो तेव्हा ते दर इतिहासजमा झाले होते. पण यंत्र तेच होते. बाबा पैसे देऊन झाल्यावरही काउंटरपाशी रेंगाळत. कच्च्या पॅट्या एका टोकाने आत सरकत, मध्ये ज्वाळांवरून जात आणि दुसऱ्या टोकाला भाजून बाहेर पडत, हे ते हात मागे बांधून, एखाद्या कारखान्याच्या पाहणीला आल्यासारखे बघत राहत. “अगं, हे हॉटेल नाहीच,” असे ते आईला एकदा म्हणाले, “हे यंत्राचं प्रात्यक्षिक आहे, आणि बघायला आलेल्यांना ते वर खायलाही घालतात.” बाबा तिथे स्वतः काय खात असत, हे त्यांनी आजीला पाठवलेल्या कोणत्याही पत्रात लिहिलेले नाही, आणि तेव्हा मीही ते येथे लिहीत नाही. आम्हा भावंडांना मात्र माशाचे सँडविच मिळे. त्याला ‘स्किपर्स ट्रीट’ असे नाव होते आणि आमच्या मासेखाऊ आजोळाला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

अडचण आईची होती. लग्नानंतर काही वर्षांतच तिने सामिष सोडले होते. त्यामुळे आम्ही तिघे खात असताना ती कागदी पेल्यातली कॉफी घेऊन बसे आणि समोरच्या बटाट्याच्या कापांतला एखादा उचले. पहिली दोन-तीन वर्षे हे असेच चालले. पुढे बर्गर शेफमध्ये ‘वर्क्स बार’ आला. हे काय होते, हे आजच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. काउंटरवर तुम्हाला बर्गर साधाच मिळायचा. तो घेऊन एका लांबट टेबलापाशी जायचे आणि तिथे बर्फावर मांडलेल्या भांड्यांतून टोमॅटोच्या चकत्या, सॅलडची पाने, कांदा, व्हिनेगरात मुरवलेली काकडी, सॉस, मोहरीची चटणी असे हवे ते, हवे तेवढे, आपल्या हाताने घालून घ्यायचे. त्याचे वेगळे पैसे पडत नसत. अमेरिकन माणसाला यात ‘आपल्या आवडीचा बर्गर’ दिसला असेल. आईला त्यात जेवण दिसले.

तिने काउंटरवरच्या मुलाकडे पॅटीशिवाय बर्गर मागितला तो प्रसंग मला लख्ख आठवतो. तो सतरा-अठरा वर्षांचा, चेहऱ्यावर मुरुमे असलेला मुलगा होता. त्याने आधी “चीजबर्गर?” असे विचारले, मग “मासा?” असे विचारले, आणि आईने प्रत्येक वेळी मान हलवल्यावर तो आतून व्यवस्थापकाला घेऊन आला. व्यवस्थापक पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी आईच्या साडीकडे, मग तिच्या बोटाने दाखवलेल्या वर्क्स बारकडे पाहिले आणि काहीही न विचारता एक पाव भाजून, उघडून, चीजचा तुकडा ठेवून कागदावर तिच्यापुढे केला. त्याचे काय आकारायचे हे गल्ल्याच्या यंत्रात नव्हते. शेवटी दहा सेंट घेतले. आईने त्या पावात इतका टोमॅटो आणि कांदा रचला की वरचा अर्धा भाग बसेना. मग तिने पर्समधून कागदाची पुडी काढली आणि तिखट-मीठ-जिऱ्याची चिमूट वरून पसरली. ती पुडी ती घरून घेऊन निघाली होती, याचा अर्थ हा बेत तिने कित्येक दिवस आधी आखला असला पाहिजे. पुढच्या शुक्रवारी तोच मुलगा काउंटरवर होता. आम्ही रांगेत दिसताच त्याने न सांगता पाव भाजायला टाकला.

नंतर दुसऱ्या एका साखळीत, जिचे नाव मी घेत नाही, आईने असाच पाव मागितला असता पॅटी काढून टाकलेला, पण तिचा रस मुरलेला पाव तिच्या हाती पडला, आणि त्या दिवशी ती उपाशी राहिली. म्हणून वर्क्स बारची आठवण सांगताना केवळ हळवेपणाने मी ती सांगत नाही. आपल्या ताटात काय पडते यावर परक्या देशातल्या एका बाईला थोडासा ताबा देणारी ती सोय होती, आणि ती त्या दुकानासोबत गेली.

आता खोक्याविषयी. बर्गर शेफने ‘फनमील’ हे मुलांचे जेवण १९७३ साली सुरू केले. पुठ्ठ्याच्या रंगीत खोक्यात लहान बर्गर, बटाट्याचे काप, पेय, गोड पदार्थ आणि एक छोटे खेळणे असे. खोक्यावर कोडी आणि गोष्टी छापलेल्या असत. बर्गर शेफ हा स्वयंपाकी आणि त्याचा छोटा सोबती जेफ हे त्यांतले नायक, आणि त्यांच्याभोवती बर्गरिनी नावाचा जादूगार, बर्गरिला नावाचे माकड आणि काउंट फँगबर्गर नावाचा रक्तपिपासू असा गोतावळा होता. हा फँगबर्गर आमच्या भावाच्या स्वप्नात येत असे, त्यामुळे त्याचे खोके रात्री खोलीबाहेर ठेवावे लागे. जेफच्या तोंडी कंपनीने एक शब्द घातला होता, ‘इन्क्रेडिबर्जिबल’. माझ्या तिसरीच्या बाईंनी तो माझ्या निबंधात लाल शाईने खोडला होता, आणि दूरचित्रवाणीवर रोज ऐकू येणारा शब्द चूक कसा, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते.

मॅकडोनाल्ड्सचे ‘हॅपी मील’ देशभर आले ते १९७९च्या जूनमध्ये, सर्कशीच्या गाड्यांचे चित्र असलेल्या खोक्यातून. त्यामागे त्या कंपनीतील आणि तिच्या जाहिरातदारांतील लोकांचे परिश्रम होते, ग्वाटेमालातील तिच्या एका संचालिकेनेही त्याआधी मुलांसाठी वेगळे जेवण आखले होते, आणि या सगळ्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण १९७३ हे साल १९७९च्या आधी येते. आपल्या लेखात बर्गर शेफचे नाव एकदाच आले आहे, तेही बंद पडलेल्यांच्या यादीत, स्वल्पविरामांच्या मध्ये. ज्याने घर बांधले त्याचे नाव भाडेकरूंच्या यादीत टाकावे, तसे मला ते वाटले.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. बर्गर शेफची दुकाने १९७०च्या दशकाच्या प्रारंभी एक हजाराहून अधिक होती आणि संख्येत ती केवळ मॅकडोनाल्ड्सच्या मागे होती. ही साखळी १९६८ साली जनरल फूड्स या कंपनीने विकत घेतली. ही कंपनी मॅक्सवेल हाउस कॉफी, जेल-ओ आणि बर्ड्स आय या नावाने गोठवलेल्या भाज्या विकणारी. किराणा दुकानाच्या फळीवर डबा कसा ठेवावा यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. पण डबा एकदा कारखान्यातून निघाला की सगळीकडे सारखाच असतो, आणि उपाहारगृह दर दुपारी बारा वाजता नव्याने उभे करावे लागते, हा फरक तिला पचला नाही. दुकाने भराभर वाढवली गेली, जागा निवडताना घाई झाली आणि काही वर्षांतच मोठा तोटा वहीत दाखवून अनेक दुकाने बंद करावी लागली. त्यानंतर कारभार बराच सावरला होता. फनमील आणि वर्क्स बार ही त्या सावरण्याच्या काळातलीच अपत्ये. तरीही १९८२ साली जनरल फूड्सने ही साखळी चार कोटी चाळीस लाख डॉलरला हार्डीज या प्रतिस्पर्धी साखळीच्या मालक कंपनीला विकून टाकली. ती मालक कंपनी म्हणजे कॅनडातील इमास्को, जिचा मूळ धंदा तंबाखूचा.

शेकडो दुकाने त्या दिवशीही चालू होती, त्यांत गिऱ्हाईक होते. हार्डीजला मोक्याच्या जागा हव्या होत्या. मग एकामागून एक पाट्या उतरल्या, कमानी कापल्या गेल्या, जिथे हार्डीज आधीच शेजारी होते तिथल्या इमारती विकल्या गेल्या. टेनेसी राज्यातील कुकव्हिल या गावच्या एका मालकाने मात्र जुनी पाटी चालू ठेवली होती. ते शेवटचे बर्गर शेफ १९९६ साली बंद झाले. यात माझी किंवा माझ्या भावाची रुची बदलल्याचा पुरावा कोठे आहे? आम्हाला कोणी विचारलेच नाही. आम्ही शुक्रवारी गेलो होतो आणि पुढच्या एका शुक्रवारी तिथे दुसरे नाव होते, एवढेच अनेक कुटुंबांनी पाहिले.

आणि हे एकट्या बर्गर शेफचे नाही. इलिनॉयमधून पसरलेली, स्कॉटिश पेहराव मिरवणारी सँडीज ही साखळी १९७०च्या दशकाच्या आरंभीच हार्डीजमध्ये विलीन झाली होती. रेड बार्नची गोष्ट निराळी, पण शेवट त्याच वळणाचा. १९६१ साली ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे सुरू झालेल्या या साखळीचे प्रत्येक दुकान खरोखर धान्याच्या कोठारासारखे, लाल, दुमडत्या छपराचे असे. इंडियानापोलिसहून पूर्वेला सत्तर क्रमांकाच्या महामार्गाने गणपतीच्या कार्यक्रमासाठी ओहायोत जाताना ते छप्पर दिसले की गाडी थांबवावी लागे. दुकानात आपल्या हाताने वाढून घेण्याचा सॅलड बार लवकर ठेवणाऱ्यांपैकी ही एक साखळी, त्यामुळे आईचा येथेही विरोध नसे. पण मालकी आधी एका खानपान कंपनीकडे आणि मग १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोटेल सिक्स या रात्रनिवासांच्या कंपनीकडे गेली. तिला बर्गरमध्ये रस नव्हता. जाहिराती थांबल्या, जागांचे भाडेकरार एकेक करून संपू दिले गेले. दुकाने मेली नाहीत, त्यांचे पाणी तोडले गेले. त्या कोठारांचे आकार इतके ठसठशीत होते की आजही ओहायोतून जाताना एखादे जुन्या गाड्यांचे दुकान किंवा पिझ्झाचे ठिकाण पाहून मी सांगू शकते की हे मूळचे काय होते. माझी मुलगी याला माझा रोग म्हणते.

१९७८च्या अखेरीस बाबांची नोकरी बदलली आणि आम्ही मेरीलँडमधील बाल्टिमोरला आलो. बर्गर शेफ मागे राहिले म्हणून भाऊ दोन दिवस रुसला होता. येथे ‘जीनोज’चे राज्य होते, आणि हे नाव येथील लोक आमच्याकडे जुन्या क्रिकेटपटूंचे घ्यावे त्या सुरात घेत. बाल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू जीनो मार्केट्टी आणि त्याचे सहकारी यांनी १९५७ साली ही साखळी सुरू केली होती. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झालेल्या अजिंक्यपदाच्या सामन्यात मार्केट्टीचा घोटा मोडला. तरी त्याने लगेच आत जाण्यास नकार दिला आणि तो स्ट्रेचरवरून मैदानाच्या कडेने खेळ बघत राहिला. जादा वेळेत विजयी गुण मिळवणारा अ‍ॅलन अमीची हा या साखळीतला त्याचा भागीदार. आम्हाला फुटबॉल ओ की ठो कळत नव्हता, पण शेजारच्या आजोबांनी ही गोष्ट बाबांना पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि घोटा मोडलेल्या माणसाच्या दुकानात जाणे हे शहराचे नागरिकत्व पत्करण्यासारखे आहे असे त्यांच्या बोलण्यातून आम्ही समजलो. ‘जीनो जायंट’ नावाचा तिथला मोठा बर्गर प्रसिद्ध होता. केंटकी फ्राइड चिकनही त्याच छताखाली मिळे, कारण तिची फ्रँचायझी जीनोजकडे होती.

१९८२ साली, म्हणजे इंडियानापोलिसच्या आमच्या जुन्या दुकानाची पाटी बदलण्याची सुरुवात झाली त्याच वर्षी, मॅरिअट या हॉटेल कंपनीने जीनोज विकत घेतले. मॅरिअटची स्वतःची ‘रॉय रॉजर्स’ ही साखळी होती, चित्रपटातील एका काउबॉय नटाचे नाव लावलेली, आणि जीनोजच्या इमारती तिच्यासाठी घेतल्या गेल्या. येथे एक गंमत झाली. रॉय रॉजर्समध्ये ‘फिक्सिन्स बार’ असे, म्हणजे वर्क्स बारचाच चुलतभाऊ. आईने पहिल्या भेटीत तो पाहिला आणि तिखट-मीठ-जिऱ्याची पुडी पुन्हा पर्समध्ये येऊ लागली. मग १९९० साली मॅरिअटने रॉय रॉजर्स विकले. कोणाला विकले असेल? इमास्कोला, म्हणजेच हार्डीजच्या मालकाला. बाल्टिमोर परिसरातील दुकानांचे हार्डीज करण्यात आले आणि गिऱ्हाइकांनी असा काही असहकार पुकारला की ते निमूटपणे मागे घेऊन काही काळाने रॉय रॉजर्सची पाटी पुन्हा लावावी लागली. आमच्या रस्त्यावरच्या एकाच इमारतीने दहा-बारा वर्षांत तीन वेळा कपडे बदलले, आणि तिच्या प्रत्येक अवतारात मी आत जाऊन आले आहे.

लोकांना खरोखरच विचारले गेले असे या सगळ्या कहाणीतले हे मला माहीत असलेले एकच उदाहरण, आणि त्यात लोकांनी काय उत्तर दिले ते आपण पाहतोच. आपल्या लेखकाने ‘रुची बदलली’ असे लिहिण्यापूर्वी हे प्रकरण विचारात घ्यायला हवे होते. रॉय रॉजर्सचे नाव पुढे २००२ साली मेरीलँडमधल्याच फ्रेडरिक येथील एका कुटुंबाने घेतले आणि ती दुकाने आजही चालू आहेत. हार्डीज १९९७ साली कॅलिफोर्नियातील एका कंपनीच्या पोटात गेले. जनरल फूड्सला तर १९८५ सालीच फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने गिळले होते. खाणाऱ्यालाही खाणारा भेटला, याचा मला थोडा आनंद होतो, तो अप्रशस्त असला तरी लपवत नाही.

लेखात विम्पी या बर्गर-साखळीचा उल्लेख ‘नामशेष’ असा आहे, त्याबद्दल दोनच ओळी. इंडियानातीलच ब्लूमिंग्टन येथे १९३४ साली एडवर्ड गोल्ड यांनी ती सुरू केली आणि १९७८ साली त्यांच्या निधनानंतर अमेरिकेतून ती संपली, हे बरोबर आहे. पण १९५४ साली लायन्स कंपनीने ते नाव लंडनला नेले, आणि ब्रिटनमध्ये थोडीशी व दक्षिण आफ्रिकेत पुष्कळ विम्पी अजून उभी आहेत. दिल्लीच्या कनॉट प्लेसमधले विम्पी आठवणारे वाचकही आपल्याकडे असतील.

आता माझ्या बाजूचा दोष. जुन्या दुकानांविषयी बोलताना आम्ही लोक चवीची जी वर्णने करतो ती बहुतेक मागाहून रचलेली असतात. हार्डीजने नंतर काही वेळा मध्यपश्चिमेतील काही दुकानांत थोड्या दिवसांसाठी बर्गर शेफचा ‘बिग शेफ’ हा बर्गर परत आणला होता. भाऊ तेव्हा कामानिमित्त त्या भागात होता. त्याने तो मुद्दाम वाट वाकडी करून खाल्ला आणि रात्री मला फोन केला. कसा होता, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ताई, आपण तर मासा खायचो ना?” पन्नाशीच्या माणसाने शंभर मैल गाडी हाकून, लहानपणी कधी न खाल्लेल्या पदार्थाची आठवण काढली होती.

बटाट्याच्या कापांचेही तसेच. आई ते निर्धास्तपणे खात असे, आणि ते कोणत्या चरबीत तळलेले असतात हे आम्ही कोणत्याच दुकानात कधी विचारले नव्हते. मॅकडोनाल्ड्स अमेरिकेत १९९०पर्यंत आपले काप मुख्यतः गोवंशीय चरबीत तळत असे, हे त्या वर्षी तेल बदलल्याची बातमी आली तेव्हा वाचले. मी ती बातमी आईला वाचून दाखवली नाही. वर्तमानपत्राचे ते पान बाबांनी त्या दिवशी रद्दीत सर्वांत खाली ठेवलेले मी पाहिले, तेव्हा त्यांनीही ती वाचली होती हे मला समजले. इतर साखळ्या काय वापरत होत्या हा प्रश्न आमच्या घरात त्यानंतरही कोणी काढला नाही.

तेव्हा जुने सगळे सोन्याचे होते, असा माझा दावा नाही. ज्वाळेवर भाजलेला असो की तव्यावर, तो पंधरा सेंटचा बर्गर होता. मला एवढेच म्हणायचे आहे की, या दुकानांची आठवण काढणाऱ्यांना आपण ‘बदलत्या काळाशी जुळवून न घेणारे’ ठरवतो, तेव्हा ज्यांनी सही करून ती दुकाने विकली, त्यांच्या वहीतली नोंद आपण गिऱ्हाइकाच्या नावावर टाकतो. २०१० साली पेनसिल्व्हेनियातील किंग ऑफ प्रशिया येथे जीनोज नव्याने उघडले, तेव्हा ऐंशी ओलांडलेले मार्केट्टीही त्यात सहभागी होते आणि लोकांनी रांगा लावल्या होत्या. मीही गेले होते. रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी कोल्ट्सची निळी टोपी घातली होती, आणि कोल्ट्स हा संघ १९८४ सालीच एका मध्यरात्री मालमोटारींत सामान भरून बाल्टिमोर सोडून गेला होता. कोठे गेला, हे लेखकांना ठाऊक असेलच. इंडियानापोलिसला.

माझी विनंती इतकीच की, मुलांच्या जेवणाच्या खोक्याविषयीची दुरुस्ती आपण छापावी. पुराव्यादाखल १९७०च्या दशकातील एका फनमीलच्या खोक्याचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. बाबांच्या कागदपत्रांत, प्राप्तिकराच्या पाकिटाखाली, ते चपटे करून ठेवलेले सापडले. मागच्या बाजूला काउंट फँगबर्गरने घातलेले कोडे आहे आणि त्याखाली निळ्या पेन्सिलीने लिहिलेले उत्तर चुकलेले आहे. ते माझ्या भावाचे आहे, त्याबद्दल कंपनीला दोष देऊ नये.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
बाल्टिमोर, मेरीलँड